पहिल्या आठवड्यातली चूक, वर्षभराचे हेलपाटे

वाचकांचे प्रश्न

घरातलं माणूस गेल्यावर कागदोपत्री काय करायचं, यावर या महिन्यात इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून आहेत. जिथे नियम वेगळा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न (बार्शी) : आजोबा रात्री अडीचला घरीच गेले. वय ८६. गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासलं, पण दाखला द्यायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत आम्ही दाखल्यासाठीच पळत होतो. डॉक्टरांचं वागणं बरोबर होतं का?

उत्तर : बरोबर होतं. घरी मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला 'नमुना ४-अ'मध्ये लागतो (रुग्णालयात झाला तर 'नमुना ४'). शेवटच्या आजारपणात ज्यांनी उपचार केले, त्या डॉक्टरांनी तो द्यायचा असतो. ज्यांनी रुग्णाला जिवंतपणी कधी पाहिलंच नाही, ते कारण लिहिणार तरी काय? म्हणून शेजारच्या नव्हे, नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा, मग ते पलीकडच्या पेठेत राहत असले तरी. जुनी फाइल, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी हाताशी ठेवा. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर डॉक्टरांना महिन्यादोन महिन्यांनी घरी बोलावून तपासून घेणं या कारणासाठीही शहाणपणाचं असतं.

पडणं, भाजणं, शॉक, विष, साप, बुडणं, गळफास यांपैकी काहीही असेल, किंवा नुसती शंका असेल, तर आधी पोलीस. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका. 'आता कशाला चिरफाड' असं म्हणत गावाकडे ते टाळलं जातं आणि तिथेच घराचं नुकसान होतं. शेतात साप चावून माणूस गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात. पण अर्जासोबत पोलिसांचा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. तो नंतर तयार करता येत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, तोही ३० दिवसांत. तेरावं उरकून जाऊ म्हणालात तर निम्मी मुदत तिथेच जाते.

नेत्रदान करायचं असेल तर हातात सहा तास असतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि नेत्रपेढीला फोन करायचा. ते लोक घरी येतात. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी चालतं.

प्रश्न (सातारा) : वडील पुण्याच्या रुग्णालयात गेले, अग्नी गावी दिला. ग्रामपंचायत म्हणते नोंद पुण्यात. पुण्याहून दाखला आणला तर त्यावर नाव 'दत्तात्रय'. आधारवर 'दत्तात्रेय', सातबाऱ्यावर नुसतं 'दत्तू'. आता कोणतं नाव दुरुस्त करायचं?

उत्तर : मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, राहण्याचं ठिकाण किंवा स्मशान कुठलं याला महत्त्व नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीचं बरोबर आहे. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालय कळवतं, घरचा मृत्यू घरच्यांनी कळवायचा. मुदत २१ दिवस. त्यापुढे ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा आदेश जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. 'आजोबा १९९४ ला गेले, नोंदच नाही' अशा घरांनी आधी नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि शाळा, मतदार यादी, पोलीस पाटलांचा जबाब असे पुरावे जमवूनच अर्ज करावा. चौकशी कडक होते.

आता नावाचं. रुग्णालयाच्या खिडकीवर जो माहिती सांगतो, त्याच्या तोंडून जे निघेल तेच वर्षानुवर्षं चिकटतं. तो बहुधा घरातला धाकटा मुलगा, जावई किंवा मित्र असतो. रात्रभर जागलेला. म्हणून एकच सांगणं : तोंडी सांगू नका, मृताचं आधार कार्ड पुढे ठेवा आणि त्यावरून उतरवायला लावा. सही करण्यापूर्वी पाच गोष्टी वाचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आईचं नाव, पत्ता आणि तारीख. तारखेत फार फसगत होते. रात्री १२ वाजून २० मिनिटांनी माणूस गेलं तर घरचे 'सोमवारी रात्री' म्हणतात, कागदावर मात्र मंगळवार लागतो. रुग्णालयाच्या कागदावर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी असली, की विम्याचा दावा अडतो.

तुमच्या बाबतीत मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. अर्ज पुण्याच्याच निबंधकाकडे, सोबत आधार, पॅन, शाळेचा दाखला. जुनी नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती करून नवा दाखला देतात. सातबाऱ्यावरच्या 'दत्तू'च्या मागे लागू नका. 'दत्तू रामा आणि दत्तात्रेय रामचंद्र एकच व्यक्ती' असं वारसाचं प्रतिज्ञापत्र वारस नोंदीच्या अर्जासोबत जोडलं आणि पोलीस पाटील किंवा सरपंचांनी स्थानिक चौकशीत तेच सांगितलं, की काम होतं. माहेरच्या जमिनीत आईचं नाव 'सखू' आणि सासरच्या सगळ्या कागदांवर 'लक्ष्मीबाई' असतं, तिथेही हाच उपाय.

दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती एकदमच घ्या. आता दाखल्यावर क्यूआर कोड असतो, तरी खिडकीवरचा माणूस 'ओरिजिनल दाखवा' म्हणणारच. दाखवायची आणि परत घ्यायची.

प्रश्न (नाशिक) : काका गेले त्या रात्री चुलतभावानं त्यांच्या एटीएम कार्डानं ४०,००० रुपये काढले. हेतू वाईट नव्हता, क्रियाकर्माचाच खर्च होता. आता चुलत बहीण बँकेत तक्रार करते म्हणते. आम्ही काय करावं?

उत्तर : खातेदार गेला की त्याच्या नावानं व्यवहार करायची परवानगी त्याच क्षणी संपते. एटीएम, यूपीआय, नेट बँकिंग, सही करून ठेवलेला धनादेश, सगळं. कुलमुखत्यारपत्रसुद्धा. वर्षानुवर्षं वडिलांचा व्यवहार मुखत्यारपत्रावर सांभाळणाऱ्या मुलांना हे पटत नाही, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं.

चुलतभावानं खर्चाच्या पावत्या जमवून हिशेब कागदावर लिहावा, सगळ्या वारसांना दाखवावा आणि वाटणीच्या वेळी तो वजा धरावा. बहिणीची सही मिळाली की बहुतेक वेळा विषय संपतो. बँकेनं विचारलं तर काढलेलं लपवू नका. खात्याच्या उताऱ्यावरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख समोरासमोर ठेवायला कुणालाही दोन मिनिटं लागतात. पेन्शनचं खातं असेल तर अधिकच सांभाळा. मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन जमा झाली तर ती परत जाणार असते. ती काढून खर्च केली, की पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी वसुली निघते.

उलट एक गोष्ट घाईनं करू नका : मृताचं सिम कार्ड बंद करू नका. ओटीपी त्यावर येतात, आणि त्याहून मोलाचं म्हणजे आठवणीचे मेसेज येतात. 'आपला हप्ता देय आहे', 'एसआयपी वजा झाली', 'लॉकरचं भाडं'. घरच्यांना माहीत नसलेल्या निम्म्या गोष्टी अशाच कळतात. किमान वर्षभर रिचार्ज चालू ठेवा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांत परक्याला दिला जातो. फोन एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या, आणि आलेल्या ओटीपीनं पैसे हलवायचे नाहीत हे त्याला स्पष्ट सांगा.

मग पासबुक भरून आणा आणि मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी एकेक करून वाचा. मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना : कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख (नव्यानं नाव घातलं असेल तर पहिले ३० दिवस सोडून, अपघात वगळता). २० रुपये दिसले तर ती सुरक्षा विमा योजना : अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचा अर्ज त्याच बँकेत. या दोन ओळी पासबुकात असूनही दावा न केलेली घरं आम्ही इतकी पाहिली आहेत, की हे वाक्य ठळक छापावं असं वाटतं.

प्रश्न (इचलकरंजी) : वडिलांच्या नावे एका बँकेत १२ लाखांची ठेव आहे, नॉमिनी मोठा भाऊ. दुसरीकडे सहकारी बँकेत ४ लाख आहेत, तिथे नॉमिनीच नाही. दादा म्हणतो, नॉमिनी मी, म्हणजे पैसे माझे. आई, मी आणि बहीण आहोत. आजीही हयात आहे.

उत्तर : दादांचा समज चुकीचा आहे, आणि तो घराघरांत आहे. बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा; मालक वारस. बँकेनं नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, नॉमिनी नाही. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. विम्यात मात्र फरक आहे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील, तर विमा कायदा त्यांनाच रकमेचे हक्कदार मानतो.

तुमच्याकडे मृत्युपत्र नसेल आणि रक्कम वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पाच सारखे वाटे पडतात : आई, दादा, तुम्ही, बहीण आणि आजी. आजीला सगळेच विसरतात. मृताची आई पहिल्या वर्गाची वारस आहे, वडील नाहीत. आजीचं नाव न घालता केलेली प्रतिज्ञापत्रं नंतर काका-आत्यांच्या हरकतीनं अडकतात. (गोव्यातल्या वाचकांसाठी : तुमच्याकडे वारसाहक्काचा कायदाच वेगळा आहे. पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असेल तर निम्मी आधीच हयात जोडीदाराची असते, उरलेल्या निम्म्याचाच वारसा निघतो. वरचं गणित तुम्हाला लागू नाही.)

१२ लाखांसाठी दादांनी दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं द्यायची. नॉमिनी असताना रक्कम कितीही मोठी असो, बँकेला वारसा प्रमाणपत्र, हमीपत्र किंवा जामीनदार मागता येत नाही. तरीही 'कोर्टातून सर्टिफिकेट आणा' सांगणारे शाखाधिकारी भेटतात. अशा वेळी वाद घालू नका, मागणी लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा लेखी येत नाही, काम येतं.

४ लाखांच्या खात्याला नॉमिनी नाही, पण तिथेही कोर्टात जायची गरज पडू नये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधल्या निर्देशांनी सोप्या पद्धतीची मर्यादा व्यापारी बँकांना १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख अशी ठेवली आहे. बँकांना हे लागू करायला ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली होती. कागद असे लागतात : दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचं ना-हरकत पत्र, आणि वारस कोण याबद्दल कुटुंबाला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या, बँकेला मान्य असलेल्या माणसाचं निवेदन. सगळे कागद पोचले की १५ दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर बँकेमुळे झाला तर ठेवींवर 'बँक दरा'पेक्षा (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) ४ टक्के जास्त दरानं व्याज आणि लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये भरपाई. म्हणूनच कागद देताना पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हे सिद्ध कसं करणार? बँकेनं ३० दिवसांत तक्रारीला दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही.

मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागली तरी मृत्यूच्या कारणासाठी दंड लागत नाही. पोस्टात नियम थोडा निराळा : नॉमिनी नसेल तर ५ लाखांपर्यंतचा दावा न्यायालयाच्या कागदाशिवाय होतो, पण मृत्यूला सहा महिने झाल्यावर.

मर्यादेपेक्षा मोठी रक्कम आणि वारसांत वाद असेल, तर दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जाहीर नोटीस, हरकतींची वाट, मग आदेश. काही महिने धरून चाला. इथे दोन कागदांची गल्लत होते. ठेवी, शेअर्स, येणी यांसाठी भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं 'सक्सेशन सर्टिफिकेट' असतं. जमीन-घरासह एकूण वारस म्हणून मान्यता मिळवायला १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारस दाखला असतो. वकिलांकडे जाताना कशासाठी कागद हवा हे नीट सांगा, नाही तर एक मिळवल्यावर दुसऱ्यासाठी पुन्हा तारीख.

प्रश्न (करमाळा) : वडिलांच्या पश्चात तलाठ्यांनी सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं वर आणि बहिणींची नावं 'इतर हक्कात' लावली. गावात सगळीकडे असंच आहे. चालतं का?

उत्तर : चालत आलं आहे. कायद्यात बसत नाही. मुलगी भावाइतकीच वारस आहे. तिचं नाव भोगवटादारांच्या रकान्यात, भावांच्या ओळीत यायला हवं. इतर हक्काचा रकाना कर्जाचा बोजा, कूळ, विहिरीतल्या पाण्याचा हक्क अशा गोष्टींसाठी आहे. लग्न झालेली असो वा नसो, फरक पडत नाही. वडिलोपार्जित जमिनीतही २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. अशीच दुसरी जुनी सवय म्हणजे एकट्या थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावणं. तीसेक वर्षांनी त्या भावाची मुलं तीन अक्षरं विसरतात आणि जमीन आपलीच समजतात.

योग्य रीत अशी. अधिकार मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज तलाठ्यांकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वय, नातं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती आणि मृताच्या नावावरच्या सगळ्या गटांचे सातबारे. ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या गटांचा एकत्र उतारा) काढला की कुठला गट राहून गेला ते कळतं. मात्र तो एका गावापुरता असतो, शेजारच्या गावातल्या तुकड्यासाठी वेगळा काढा. आधी वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, स्थानिक चौकशी होते, मग फेरफार पडतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. फेरफाराचा क्रमांक लिहून घ्या आणि प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा स्वतः काढून वाचा. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयतांची नावं कमी करून वारस लावायचं काम गावोगाव झालं, त्यात तुमच्या गटाला काय लागलं तेही पाहून घ्या.

तुमच्या बाबतीत बहिणींची नावं योग्य रकान्यात आणायला तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. फेरफार प्रमाणित होऊन बराच काळ झाला असेल तर प्रांतांकडे अपील, त्यासोबत विलंब माफीचा अर्ज.

बहिणी मनानं हिस्सा सोडणार असतील, तर आधी त्यांची नावं लागू द्या आणि मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोड जमिनीच्या बाबतीत कामाचं नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला हजर करावं लागतं. आणि भाऊबीजेच्या ताटाशेजारी सह्या घेऊ नका. बहिणीला कागद वाचायला द्या. 'वारसाच्या नोंदीसाठी सही लागते' म्हणून हक्कसोडावर सही घेतली, असे दावे न्यायालयांत ढिगानं पडले आहेत.

एक खुलासा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि नाव राहून गेलं म्हणून हिस्सा बुडत नाही. पण कर्ज, पीक विमा, भूसंपादनाचा मोबदला हे सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला धरून येतं, म्हणून आळस नको. वडिलांच्या नावे पीएम-किसानचे हप्ते येत असतील तर तेही कळवा. नंतर वसुली लागते.

प्रश्न (ठाणे) : सोसायटीत फ्लॅट आईच्या नावे होता, नॉमिनी मी. सोसायटी म्हणते भावाची ना-हरकत आणा आणि ट्रान्सफर प्रीमियम भरा.

उत्तर : प्रीमियम मागता येत नाही, वारस किंवा नॉमिनीच्या नावे होणाऱ्या हस्तांतराला तो लागू नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ ब-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेता येतं. कायम सदस्यत्व मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेलं कौटुंबिक व्यवस्थापत्र यांवर मिळतं. म्हणजे भावाची सही शेवटी लागतेच, पण तात्पुरतं सदस्यत्व त्यासाठी अडवता येणार नाही. अर्ज सहा महिन्यांत करा. मूळ भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), नोंदणीकृत करारनामा आणि मुद्रांकाची पावती आधी शोधून ठेवा. ३० वर्षांपूर्वीचा करारनामाच सापडत नाही, ही ठाण्या-मुंबईतली खरी अडचण असते. सोसायटीकडे नाव लागल्यावर महापालिकेचा मालमत्ता कर वेगळा बदलायचा असतो, तो आपोआप होत नाही.

प्रश्न (चाकण) : माझे मिस्टर कंपनीत कामाला होते, वय ४१, हृदयविकारानं गेले. नोकरी जेमतेम तीन वर्षांची. एचआर म्हणतात पीएफ मिळेल, ग्रॅच्युइटी नाही, कारण पाच वर्षं भरली नाहीत.

उत्तर : ताई, पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागूच नाही. तीन वर्षांची ग्रॅच्युइटी तुमची आहे, लेखी मागा.

पीएफ कार्यालयाकडून तीन वेगळ्या गोष्टी मिळायच्या असतात आणि कंपन्या बहुधा पहिलीच सांगतात. साठलेला पीएफ, फॉर्म २०. विधवा पेन्शन आणि मुलांची पेन्शन, फॉर्म १०-डी. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणीही पुरते, आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी वेगळे मिळतात. तिसरी ईडीएलआय विम्याची रक्कम, फॉर्म ५-आयएफ. याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापलाच जात नाही, मालक भरतो, त्यामुळे पगाराच्या चिठ्ठीत ती कुठे दिसत नाही आणि घरी कुणाला ठाऊक नसते. कमाल ७ लाखांपर्यंत असते. तीनही दावे एकाच एकत्रित अर्जावर करता येतात. मिस्टरांनी ई-नॉमिनेशन केलं होतं का ते आधी पाहा. केलं असेल तर दावा ऑनलाइन जातो. लग्नाआधी सासूबाईंचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं असेल तर घाबरू नका : लग्नानंतर ते जुनं नॉमिनेशन रद्द धरलं जातं.

कंपनीच्या गट विम्याचीही चौकशी करा. घराचं कर्ज असेल तर त्याच्यासोबत विमा काढला होता का ते कर्जाच्या मंजुरीपत्रात आणि पहिल्या वितरणाच्या हिशेबात दिसेल. एकदाच मोठा हप्ता वजा झालेला असतो. आयुर्विमा पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली नसतील तर कंपनी तपास करते, जुन्या दवाखान्यांचे कागद मागते. त्याला दचकू नका, पण विचारलेल्या आजाराबद्दल खोटंही लिहू नका. तीन वर्षांनंतर विमा कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही.

प्रश्न (नागपूर) : भाऊ गेला. त्याच्या क्रेडिट कार्डाचे २ लाख बाकी आहेत. वसुलीवाले रोज मला फोन करतात.

उत्तर : तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार आहात का? नसाल तर तुमच्या खिशातून एक रुपयाही देणं लागत नाही. देणं मृताच्या मालमत्तेतून फिटतं, आणि वारस जबाबदार असतात ते त्यांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतेच. कार्ड देणाऱ्या बँकेला मृत्यूचा दाखला ईमेलनं पाठवा, 'यापुढे लेखी कळवा' असं लिहा. फोनवर 'थोडे थोडे भरतो' असं बोलू नका, आणि त्यांनी पाठवलेल्या कागदावर सही तर नकोच. विकास सोसायटीचं पीक कर्ज मात्र वेगळं : त्याचा बोजा जमिनीवर असतो आणि जमिनीसोबत वारसांकडे येतो.

प्रश्न (मिरज) : गाडी, गॅस, वीज, आधार, पॅन, मतदार यादी... सगळं लगेच करायचं का?

उत्तर : गाडी लगेच, बाकी सवडीनं. मालकाचा मृत्यू ३० दिवसांत आरटीओला कळवायचा आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची. गाडीचा जुना विमा मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांत जे आधी येईल तोवरच चालतो. चौथ्या महिन्यात त्याच बाइकनं अपघात झाला तर भरपाई घरावर येऊ शकते.

पॅन रद्द करायची घाई नको. त्या वर्षाचं मृत्यूपर्यंतचं विवरणपत्र वारसानं भरायचं असतं. त्यासाठी आयकर पोर्टलवर 'कायदेशीर वारस' म्हणून नोंदणी करावी लागते, नाही तर परतावा अडकतो. आधारवर मृत्यूची नोंद करायची सोय मायआधार पोर्टलवर आहे. बँक आणि विम्याची कामं उरकल्यावर करा. मतदार यादीसाठी फॉर्म ७. वीज आणि गॅस शेवटी केले तरी काही बिघडत नाही, बिल भरत राहा म्हणजे झालं.

प्रश्न (कोथरूड) : धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. प्रत्येक सहीसाठी त्याला येणं शक्य नाही.

उत्तर : तेराव्याला तो आलेला असतानाच जेवढ्या सह्या होतील तेवढ्या करून घ्या : बँकेची ना-हरकत, वारस नोंदीचं प्रतिज्ञापत्र, सोसायटीचे अर्ज. उरलेल्या कामांसाठी त्यानं तुमच्या नावे विशेष कुलमुखत्यारपत्र करावं. त्यात बँक, खाते क्रमांक, फ्लॅटचा पत्ता, गट क्रमांक नावानिशी लिहावेत. 'माझी सर्व कामे' एवढ्यावर दुय्यम निबंधक समाधान मानत नाहीत. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरी करून अपोस्टिलसह (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) तयार करावं. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकिटावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा. मुद्रांक कार्यालयात नेमकी तीच विचारतात.